ओळखीचं हसू

नोएडाच्या नव्या घरात पहिल्या सकाळी आईनं कुकर लावला आणि त्याची शिट्टी झाली तेव्हा ती स्वतःच दचकली. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या कुकरची शिट्टी कधी एकटी नसायची. शेजारच्या तमिळ मामींचा, वरच्या बंगाली काकीमांचा, समोरच्या पंजाबी आंटींचा असे चार कुकर साडेसातच्या सुमाराला एकमेकांत मिसळून वाजायचे, आणि कोणाची डाळ झाली, कोणाचा भात राहिला हे आईला पोळ्या लाटता लाटता कळायचं. इथे आमच्या जिन्यावर आठ फ्लॅट होते आणि त्यांतल्या दोनच घरांत माणसं होती. आमची शिट्टी बिनरंगाच्या भिंतींवर आपटत जिन्यातून खाली गेली आणि तशीच पुन्हा वर आली. आईनं गॅस बंद केला, दारापाशी जाऊन कडी लागली आहे ना ते पाहिलं, आणि परत ओट्याशी येऊन उभी राहिली. कडी पाहून येण्याची ती सवय तिला त्या दिवशी लागली ती पुढे कितीतरी वर्षं सुटली नाही.

बाबांनी सरकारी नोकरी सोडली होती. आज हे वाक्य लिहिताना काही वाटत नाही, पण तेव्हा आमच्या नातेवाइकांत ते कोणाला मोठं आजारपण निघाल्यासारखं हळू आवाजात बोललं जायचं. सांगलीच्या मामानं लागोपाठ दोन पत्रं पाठवून विचार बदलायला सांगितलं होतं. बाबा म्हणायचे, काळ बदलतोय, नव्या कंपन्या येतायत, मी फाइलींवर शेरे मारत म्हातारा होणार नाही. टीव्हीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना जागा मिळाली, क्वार्टर सोडावं लागलं, आणि यमुनेपलीकडे एका सोसायटीत कधीकाळी नाव घातलेला फ्लॅट ताब्यात आला होता तिथे आम्ही तिघं राहायला गेलो. सोसायटीला रंग नव्हता, लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेली पोकळी होती, पाणी टँकरनं यायचं. पण केबलवाला मात्र आमच्याआधी येऊन गेला होता. त्याची काळी वायर आमच्या गॅलरीवरून पलीकडच्या रिकाम्या इमारतीपर्यंत लोंबत होती, आणि संध्याकाळी बाबा नव्या नव्या चॅनेलांवरच्या परदेशी बायका बघून ‘बघ, सगळं जग आलंय घरात’ असं म्हणायचे. आई तेव्हा गॅलरीचं दार लावत असायची.

त्या गॅलरीतून जे दिसायचं त्याची मला भीती वाटायची, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. समोर एक रुंद, कोराकरकरीत सिमेंटचा रस्ता होता आणि त्यावर माणूस नसायचं. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच गवत. त्याला हिंदीत सरकंडे म्हणतात. मराठीत काय म्हणतात ते दिल्लीत वाढल्यामुळे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर आजही नक्की माहीत नाही. गवतामधून मधेच एखादी अर्धी उभी राहिलेली इमारत वर आलेली, लोखंडी सळया आभाळात घुसलेल्या. दिवसभर फरशी कापायच्या मशीनचा कुठून तरी आवाज यायचा, आणि तो थांबला की जी शांतता पसरायची ती मशीनपेक्षा वाईट असायची. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, चालत वीस मिनिटांवर, बसचा स्टॉप होता. स्टॉप म्हणजे एक खांब आणि त्यावर वाकलेला पत्रा.

मी नववीत होते. बोर्डाची नोंदणी जुन्या शाळेतून झाली होती, त्यामुळे दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नाही असं ठरलं. सकाळचा प्रश्न नव्हता, कारण सोसायटीतले एक गुप्ता अंकल ऑफिसला जाताना मला आपल्या स्कूटरवरून शाळेपर्यंत सोडायचे. परतीचा प्रवास मात्र माझा एकटीचा. शाळेपासून एक बस आश्रम चौकापर्यंत, आणि तिथून दुसरी, पूल ओलांडून नोएडात येणारी. ती दुसरी बस खासगी होती. कंडक्टर दाराला लटकून पत्र्यावर थापा मारत ओरडायचा, बस पूर्ण थांबायची कधीच नाही, आणि चढताना कोणाचा हात कुठे लागतो हे कळू नये इतकी गर्दी असायची.

आईनं मला जाण्यायेण्याचे नियम घालून दिले होते. दप्तर पुढे धरायचं. खिडकीची सीट घ्यायची नाही, कारण मग बाहेर पडता येत नाही. कोणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे हसायचं नाही. ओळख असो नसो, रस्त्यात, बसमध्ये, दुकानात चेहऱ्यावर हसू नको. ‘इथे मुलगी हसली की लोकांना वाटतं बोलावलंच,’ ती म्हणायची. आईला हे सांगताना त्रास होत असे, हे आता जाणवतं. क्वार्टरच्या जिन्यात कोणीही भेटलं तरी आधी हसणारी तीच होती. पण नोएडात आल्यापासून तिनं स्वतःही हसणं बंद केलं होतं. तिला हिंदी येत होतं ते भाजीवाल्यापुरतं, आणि गेटच्या बाहेर ती एकटी एकदाही गेली नव्हती. भाजी बाबा रविवारी आणायचे, तीच आठवडाभर पुरवायची. शनिवारपर्यंत घरात पिठलं आणि लसणाची चटणी एवढंच उरायचं.

तो माणूस मला पहिल्यांदा कधी दिसला ते सांगता येणार नाही. एखादा चेहरा रोज दिसतोय हे लक्षात यायला चार दिवस लागतात. तिशीचा असेल. अंगात स्वच्छ इस्त्रीचा चौकड्यांचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल, केसांना सुगंधी तेल. गुंड दिसला असता तर बरं झालं असतं, कारण मग कोणाला तरी सांगता आलं असतं. तो कुठल्याही ऑफिसातल्या कारकुनासारखा दिसायचा. आश्रम चौकात माझ्यामागून बसमध्ये चढायचा आणि मी जिथे उभी असेन त्याच्या मागे येऊन वरचा दांडा धरायचा. काही करायचा नाही. नुसता उभा राहायचा, आणि मी सरकले की थोड्या वेळानं तोही सरकायचा. मग एक दिवस त्यानं अगदी काकांच्या आवाजात विचारलं, कौन सी क्लास में हो. मी ऐकू न आल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझं नाव घेतलं. वसुधा. माझ्या वहीच्या लेबलवर वाचलं असणार, पण हे मला आज सुचतंय. त्या वेळी मला वाटलं, याला सगळं माहीत आहे. घर, आई, तिसरा मजला, सगळं. त्या रात्री मी जेवले नाही, आणि आईनं पोटावर हिंग लावून दिला.

घरी सांगायचं नाही हे मी ठरवलं होतं, आणि त्याचं कारण साधं होतं. बाबा मला शाळेतून काढतील. नाशिकच्या काकांकडे पाठवायचं बोलणं एकदा झालंच होतं. शाळा एवढीच एक गोष्ट त्या सगळ्या बदलात माझ्याकडे जुनी उरली होती. तिथे माझी बाकावरची जागा होती, मैत्रिणी होत्या, मराठी बोलणारी एक संस्कृतची बाई होती. ती शाळा जाऊ नये म्हणून मी रोज दुपारी आश्रम चौकात उभी राहायचे.

त्या बसमध्ये बायकांच्या जागेवर एक बाई विणत बसलेल्या असायच्या. दिल्लीच्या हिवाळ्यात बसमध्ये विणणाऱ्या बायका पुष्कळ, त्यामुळे मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर राखाडी लोकर. एका दुपारी मी पुढे सरकत सरकत त्यांच्या सीटपर्यंत आले, तो माणूस माझ्यामागे, आणि त्या बाईंनी सुया थांबवून वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या खांद्यावरून मागे. आणि त्या हसल्या. नवख्या मुलीकडे पाहून हसतात तसं ते नव्हतं. लग्नाच्या मांडवात खूप दिवसांनी भाची दिसावी, तसं तोंडभर हसू. ‘आ गई बेटा? मैं कब से सीट रखे बैठी हूँ,’ असं त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मला खेचून आत बसवलं. मग पुन्हा विणायला लागल्या. माझं नाव विचारलं नाही, काय झालं विचारलं नाही. त्या माणसानं थोडा वेळ दांडा धरून ठेवला आणि मग पुढच्या दाराकडे गेला.

ते हसू माझ्यासाठी जेवढं होतं तेवढंच त्याला दाखवण्यासाठी होतं, हे कळायला मला दोन दिवस लागले. ही मुलगी कोणाची तरी आहे, एवढंच त्यांनी त्याला सांगितलं होतं, तेही त्याच्याशी एक शब्द न बोलता. पुढे आठ-दहा दिवस त्यांनी माझ्यासाठी जागा धरली. त्या पुलाच्या अलीकडच्या स्टॉपवर उतरायच्या, पण तोपर्यंत बस निम्मी रिकामी झालेली असायची आणि मला कंडक्टरजवळच्या सीटवर जाता यायचं. आणि मग एका सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. त्या कुठे गेल्या, बदली झाली की निवृत्त झाल्या, मला कधीच कळलं नाही. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं. या गोष्टीचं मला आज फार वाईट वाटतं.

बुधवारी बस पुलावरून उतरली तेव्हा आत दहा-बारा माणसं होती आणि तो माझ्या मागच्या सीटवर होता. तो नेहमी माझ्या आधीच्या एका स्टॉपवर उतरायचा. त्या दिवशी तो स्टॉप आला, गेला, आणि तो उठला नाही. तेलाचा वास तसाच मागे राहिला. एकदा वाटलं, उतरायचंच नाही, बस जाईल तिथे जायचं. पण पुढे तर आणखीच ओसाड होतं, आणि शेवटच्या स्टॉपवर बसमध्ये आम्ही दोघंच उरलो असतो. मी उतरले. कंडक्टरनं पुन्हा बसच्या पत्र्यावर थाप मारली तेव्हा मागे वळून न पाहता मला कळलं की तोही उतरला आहे.

साडेतीन वाजले असतील. हिवाळ्यातलं ऊन होतं, सिमेंटच्या रस्त्यावर डोळे दिपवणारं, आणि दोन्ही बाजूंना ते गवत. मी भरभर चालायला लागले तशी मागची पावलंही भरभर झाली. पळावंसं वाटत होतं, पण पळाले तर तोही पळेल, आणि मग ते खेळासारखं राहणार नाही, खरंच होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. तो मागून माझं नाव घेत होता. रागावून नाही, समजूत काढल्यासारखं. वसुधा, रुको तो, वसुधा. मला तोंडातली जीभ जाणवत नव्हती. दप्तर पुढे धरलं होतं आणि दप्तराच्या पट्ट्याचं बक्कल माझ्या छातीवर टकटक वाजत होतं, ते मला अजून ऐकू येतं.

निम्म्या वाटेवर डाव्या हाताला एका इमारतीचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला विटांचा ढीग, आणि पाच-सहा मजूर बायका डोक्यावरून विटा वाहत होत्या. त्यांना मी रोज पाहायचे म्हणजे त्यांच्यावरून माझी नजर फिरायची, एवढंच. त्या बुंदेलखंडाकडच्या होत्या. त्यांच्या कानशिलांना आणि भुवयांना सिमेंट लागलेलं असायचं, त्यामुळे सगळ्या सारख्याच म्हाताऱ्या दिसायच्या. त्यांतली एक ढिगाकडे परत येत होती. मी तिच्याकडे वळले आणि हसले.

आयुष्यात इतकं अवघड हसू मी पुन्हा कधी हसले नाही. ओठ कोरडे होऊन दातांना चिकटले होते. त्या विणणाऱ्या बाईंचं हसू मी आठवून आठवून चेहऱ्यावर ओढत होते, आणि ते कसं दिसत असेल देव जाणे. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, ‘मौसी, मैं आ गई.’

ती थबकली. कोट, टाय, पॉलिश केलेले बूट घातलेली शाळेतली मुलगी, आणि तिला मौसी म्हणतेय. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. तिला किती वेळ लागला असेल? एक वीट उचलायला लागतो तेवढा. मग तिचा सगळा पांढुरका चेहरा हलला आणि ती हसली.

‘आ गई मोड़ी? इत्ती देर कर दी आज.’

मोडी म्हणजे त्यांच्याकडे मुलगी, हे मला नंतर कळलं. तिनं माझा हात धरून मला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसवलं. बाकीच्या बायकांना तिनं काही सांगितलं नाही, पण त्या एकेक करून आल्या आणि डोक्यावरची चुंबळ काढून आसपास बसल्या, जसं काही माझीच वाट पाहत काम थांबलं होतं. एकीनं लोट्यातलं पाणी दिलं. माझ्या मौसीनं फडक्यातून रोटी काढली, तिच्यावर लाल मिरची आणि लसणाचा ठेचा ठेवला आणि माझ्या हातात दिली. तो माणूस रस्त्यावरच उभा होता. मग दोन पावलं पुढे आला आणि, ही तुमची कोण, असं त्यानं विचारलं.

‘बहन की लड़की है,’ ती म्हणाली. अजून हसतच होती. ‘तुम्हें का काम?’

यावर विश्वास ठेवण्यासारखं काही नव्हतं. पण सहा बायका त्याच्याकडे पाहत होत्या, कोणी आवाज चढवला नव्हता, कोणी उठलंही नव्हतं. त्यानं फाइल या हातातून त्या हातात घेतली, आणि तो स्टॉपच्या दिशेनं चालू लागला. मी रोटी खात होते. ठेचा इतका जहाल होता की डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं किती मिरचीचं हे कोणी विचारलं नाही. तो पार दिसेनासा झाल्यावर ती उठली आणि घर कुठे, असं खुणेनंच विचारलं. मुकादम मागून ओरडत होता, काम टाकून कुठे चालली म्हणून. तिनं वळून पाहिलं नाही. ती माझा हात धरून एक पाऊल पुढे चालत होती, पायांत एक चप्पल निळी आणि एक काळी.

आमच्या सोसायटीच्या गेटवर पुढचं जे झालं ते मला सांगायला आवडत नाही. आई गॅलरीत उभी होती. मला यायला उशीर झालेला, आणि तिला वरून दिसलं ते एवढंच की आपली मुलगी रडून लाल झालेल्या चेहऱ्यानं येते आहे आणि एका अनोळखी मजूर बाईनं तिचा हात धरला आहे. ती तीन मजले अनवाणी उतरून धावत आली. मला खेचून घेतलं आणि त्या बाईवर ओरडली, क्या किया इसको, क्या किया. आईला एवढंच हिंदी सुचलं. चौकीदारानं ते ऐकलं आणि पुढे होऊन त्या बाईचा दंड धरला. तो म्हणायला लागला, मेमसाब, ये लोग बच्चे उठाते हैं, अभी पुलिस को बुलाता हूँ.

आणि मी गप्प होते. मला बोलायचं होतं, पण बोलले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं. तो माणूस, बस, इतके दिवस लपवलेलं सगळं. आणि मग शाळा गेलीच. मी त्या बाईकडे पाहिलं. चौकीदाराची बोटं तिच्या दंडात रुतली होती आणि ती माझ्याकडे बघत होती. ती स्वतःची बाजू सांगत नव्हती. किती वेळ गेला? फार नसेल. पण तेवढ्या वेळात मी मनात शाळा आणि ती बाई तोलून पाहत होते, हे मला माहीत आहे. आज इतक्या वर्षांनी, केस पांढरे झाल्यावरही, रस्त्यात कोणाचा दंड धरलेला दिसला की मला आधी माझं ते गप्प राहणं आठवतं.

मग मी बोलले. मराठीत, आईला, एका दमात. आई, एक माणूस रोज माझ्या मागे येतो, आज तो इथपर्यंत आला होता, हिनं मला वाचवलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग चौकीदाराकडे वळून म्हणाली, छोडो. त्यानं सोडलं नाही तशी तिनं स्वतःच्या हातानं त्याची बोटं त्या दंडावरून काढली. तिला काहीतरी बोलायचं होतं पण हिंदी सुचत नव्हतं. त्या दंडावर सिमेंट पुसलं जाऊन बोटांच्या खुणा उमटल्या होत्या, त्यांवरून ती आपला तळवा फिरवत राहिली. ती बाई आता हसत नव्हती. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती निघून गेली.

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते आवाज न चढवता ऐकत राहिले, दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग नाशिकला फोन लावायला एसटीडी बूथवर जायला उठले. मला वाटलंच होतं तसं ते झालं. मी जेवणाच्या ताटावर बसून राहिले. आईनं पोळी तव्यावर टाकली होती. ती तशीच मागे वळली.

‘ती शाळा सोडणार नाही. दुपारी मी जाईन स्टॉपवर.’

बाबा म्हणाले, तू? त्यांना टाकून बोलायचं नव्हतं, खरंच आश्चर्य वाटलं होतं. तव्यावरची पोळी करपली होती, ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी आश्रम चौकात तो दिसला नाही, पण मला बसमधला प्रत्येक माणूस तोच वाटत होता. स्टॉपवर उतरले तर वाकलेल्या पत्र्याखाली आई उभी होती, शाल घट्ट लपेटून, चेहरा पांढराफटक. तो वीस मिनिटांचा रस्ता ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी चालली होती. मला पाहिल्यावर तिनं नुसता माझा हात धरला. विटांच्या ढिगापाशी आल्यावर ती थांबली. पिशवीतून डबा काढला. आदल्या रात्री तिनं तिळाच्या पोळ्या केल्या होत्या, संक्रांत लांब असताना. कालची बाई पुढे आली नाही, लांबूनच पाहत राहिली. मग आई हसली. नोएडात आल्यानंतर मी तिला तसं हसताना प्रथमच पाहत होते. ते क्वार्टरच्या जिन्यातलं हसू नव्हतं. घाबरलेलं होतं, माफी मागणारं होतं, आणि परत मिळेल याची खात्री नसलेलं होतं. त्या बाईनं ते थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग जवळ येऊन डबा घेतला.

तिचं नाव रामरती. पुढे तीन महिने आई रोज दुपारी निघायची, स्टॉपवर जायच्या आधी अर्धा तास त्या पोत्यांवर बसायची. दोघींना एकमेकींची निम्मी भाषा कळत नसे, तरी चाललेलं असायचं. आईनं त्यांच्याकडून ठेचा शिकून घेतला आणि आपल्या चटणीत शेंगदाणे का घालतात ते त्यांना समजावलं. बाबा ‘मोडी’ शब्दावर खूप हसले आणि मला मोडी लिपी म्हणजे काय ते सांगत बसले. वाचताना हे सगळं फार गोड वाटेल, म्हणून हेही सांगते की माझी भीती गेली नाही. तो माणूस मला एकदा आश्रम चौकात पुन्हा दिसला. त्याची नजर माझ्यावरून अशी गेली जशी कधी ओळखच नव्हती, आणि त्यानं मी जास्त घाबरले. दहावी होईपर्यंत मी बसमध्ये चढायच्या आधी प्रत्येक चौकड्यांचा शर्ट मोजत राहिले. आज त्या रस्त्यावरून मेट्रो जाते, गवत कुठेच उरलेलं नाही, मुली कानांत तारा घालून निवांत चालतात. पण एकटी मुलगी डब्यात चढली की मी अजून आधी तिच्याकडे आणि मग तिच्या मागे पाहते.

होळीच्या आधी त्या बायका गावाकडे निघाल्या. तिकडे कापणी सुरू होणार होती, आणि नंतर त्या दुसऱ्या कुठल्या तरी कामावर जाणार होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, बोचकी, दोन कोंबड्या चढवल्या होत्या. आई रामरतीच्या पोरांसाठी काहीबाही पिशवीत भरत होती, तेवढ्यात मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि इतके दिवस मनात असलेलं बोलले. गेटवर मी लगेच बोलले नाही त्याची माफी मागितली.

तिनं बोचक्याची गाठ आवळता आवळता सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी गाझियाबादकडे एका कामावर कोठीतलं, म्हणजे बंगल्यातलं, एक लहान मूल वाट चुकून त्यांच्या झोपड्यांपाशी रडत आलं होतं. हिच्या नणंदेनं त्याला कडेवर घेतलं, पाणी पाजलं. लोक आले आणि मूल चोरलं म्हणून त्या बाईला इतकं मारलं की तिचा हात अजून वर होत नाही. तेव्हापासून त्यांच्यात ठरलं होतं की मोठ्या घरच्या मुलाकडे बघायचंही नाही. मी मौसी म्हणत समोर आले तेव्हा तिला माझ्या मागचा माणूस दिसायच्या आधी तेच आठवलं होतं.

त्या दुपारी त्या रस्त्यावर मी एकटीच घाबरलेली होते असं मी तीन महिने समजून चालले होते. मी तिला विचारलं, मग तरी तुम्ही हसलात कशा?

तिनं बोचकं उचलून ट्रॉलीत टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं, इतकं साधं कसं कळत नाही या मुलीला, तसं.

‘तू जो हँसी थी पहले.’